बर्फावर पाय ठेवण्यापूर्वी

इंदूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र समोर आहे. नाताळच्या सुट्टीत दिल्ली-सिमला असा त्यांचा बेत ठरतो आहे. बरोबर यजमान, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. मुलगी चाकांचे बूट घालून सोसायटीत गरगर फिरते आणि आता तिला बर्फावर घसरायचं आहे. बाकी कपडे नकोत, खरेदी नको, हा एकच हट्ट. ‘कुठल्या रिंकवर न्यावं? आणि मुळात न्यावं का?’ असं त्या विचारतात. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘एवढी मोठी सहल पुन्हा लवकर जमणार नाही.’

ती बारीक अक्षरातली ओळ वाचली आणि हे पत्र पुढच्या अंकावर ढकलवेना. आमच्या घरीही असंच ‘पुन्हा कुठे जमणार’ म्हणत एक बेत झाला होता. त्याची आठवण आमच्या ह्यांच्या उजव्या मनगटात अजून आहे.

झालं असं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही एका मोठ्या शहरात गेलो होतो. शहराचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथल्या मॉलमध्ये बर्फाची रिंक आहे असं लेकीला कुठून तरी कळलं. परतीच्या गाडीला चार तास होते. ‘जाऊन येऊ, त्यात काय!’ असं म्हणत आम्ही निघालो. रविवारची संध्याकाळ, ही गर्दी! तिकिटं काढून बूट घ्यायला गेलो, तर ह्यांच्या मापाचे बूट संपले होते. खिडकीतल्या मुलाने एक नंबर मोठे दिले आणि म्हणाला, “नाडी घट्ट बांधा, काही होत नाही.” एका कोपऱ्यात बर्फ वितळून पाणी साचलं होतं, मध्ये पात्यांनी खणलेल्या खाचा होत्या. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पण तिकिटाचे पैसे भरून झाले होते ना! तिसऱ्या फेरीला ह्यांचा पाय त्या सैल बुटात मुरगळला, मागे पडताना सवयीप्रमाणे हात टेकायला गेला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. गंमत म्हणजे बर्फाच्या एवढ्या मोठ्या मैदानावर सुजेवर धरायला वाटीभर बर्फ कुणाकडे मिळेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सरबतवाल्याने दिला.

सहा आठवडे प्लास्टर. हे हौसेने तबला वाजवतात. आता वाजवतात, पण पूर्वीसारखा हात पडत नाही हे त्यांनाही कळतं आणि आम्हालाही. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. पण सासूबाईंनी मात्र जाहीर करून टाकलं, “या घरात बर्फाचं नाव काढायचं नाही.”

तेव्हा भगिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताना मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

पहिली गोष्ट, ‘आइस स्केटिंग’ अशी पाटी असली म्हणजे खाली बर्फ असतोच असं नाही. बऱ्याच मॉलमध्ये आणि जत्रेसारख्या प्रदर्शनांत पांढऱ्या प्लास्टिकचे जाड तक्ते जोडून त्यावर पात्यांचे बूट घालून फिरवतात. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. लहानग्यांना तोल शिकायला ते बरं असतं. पण प्लास्टिकवर बर्फासारखं घसरता येत नाही, जोर लावावा लागतो. तुमची मुलगी चाकांवर तरबेज आहे, ती दोन मिनिटांत ओळखेल आणि तिचं तोंड उतरेल. म्हणून फोनवर पहिलाच प्रश्न स्पष्ट विचारा, ‘खाली खरा बर्फ आहे का?’ तसंच ‘स्नो पार्क’ निराळं. तिथे भुसभुशीत हिम असतं, गोळे करून मारायचे, घसरगुंडी करायची. सहा वर्षांच्या चिरंजीवांना तेच जास्त आवडेल.

खऱ्या बर्फाच्या रिंकचे दोन प्रकार, यंत्राने गोठवलेली आणि थंडीने गोठवलेली. यंत्राच्या रिंकमध्ये काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांचं जाळं असतं. त्यातून शून्याच्या खूप खाली नेलेलं खारं पाणी किंवा तसंच न गोठणारं द्रव खेळवतात आणि वर पाण्याचे पातळ पातळ थर गोठवत इंच-सव्वा इंच जाडीचा बर्फ करतात. तासा-दोन तासांनी त्यावरून एक बोजड गाडी फिरते. वरचा खरवडलेला थर ती तासून घेते आणि मागे गरम पाण्याचा हात फिरवते. हो, गरमच! गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, त्यामुळे बर्फ नितळ आणि कडक होतो. अमेरिकेतल्या फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली हे यंत्र बनवलं आणि आता जगभर त्या गाडीलाच झांबोनी म्हणतात. रिंक निवडताना हेच विचारायचं, की बर्फ दिवसातून किती वेळा तासता आणि तासल्यानंतरचं पहिलं सत्र कुठलं? त्या सत्राचं तिकीट घ्यायचं. सारवलेल्या अंगणावर पहिलं पाऊल टाकण्यासारखं सुख असतं ते, आणि पडण्याची भीतीही कमी.

भारतात अशा यंत्राच्या रिंक फार नाहीत. मुंबईकरांच्या एका पिढीने पहिला बर्फ गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये पाहिला. ते उद्यान २०२२ मध्ये बंद झालं. तुमच्या वाटेवर पडेल ती गुरुग्रामच्या अॅम्बियन्स मॉलमधली. डेहराडूनला ‘हिमाद्री’ नावाची मोठी, स्पर्धेच्या मापाची रिंक आहे. जानेवारी २०११ मधल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ती बांधली, स्पर्धा संपल्या आणि पुढे ती वर्षानुवर्षं बंद पडून राहिली. एवढी इमारत बांधायची आणि वीजबिलाच्या काळजीने कुलूप लावायचं, हे आपल्याकडेच! २०२५ मध्ये मात्र तिचं दैव उघडलं, ऑगस्टमध्ये तिथे आशियाई पातळीवरची वेगवान स्केटिंगची स्पर्धाही झाली. पण स्पर्धेची रिंक आणि सहलीची रिंक यांत फरक असतो. मसुरीला जाता जाता डोकवायचं असेल तर सर्वसामान्यांसाठी सत्र आहे का, भाड्याने बूट मिळतात का, हे विचारल्याशिवाय गाडी वळवू नका.

आता सिमला. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

लक्कड बाजाराच्या खाली, डोंगराच्या सावलीत ही उघड्यावरची रिंक आहे. १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने टेनिसच्या मैदानावर पाणी सोडून ते रात्रभर गोठू दिलं, तिथून ही सुरू झाली असं सांगतात. शंभर वर्षं उलटून गेली, तरी रीत तीच. डिसेंबरात थंडी धरली की संध्याकाळी मैदानावर पाणी शिंपायचं, ते गोठलं की पुन्हा शिंपायचं, असे थरावर थर. म्हणून सत्रं दोनच, भल्या सकाळी आणि दिवस मावळल्यावर. मधल्या वेळात उन्हाने बर्फ मऊ पडतो.

यातली मेख अशी की नुसती थंडी पुरत नाही, आभाळ निरभ्र लागतं. ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी. दिवसाची ऊब रात्री वर निघून जाऊ देत नाही. आपण पर्यटक मात्र सिमल्यात हिमवर्षाव व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो! हिम पडलं की रिंकचं काम वाढतं, आधी ते झाडून काढायचं आणि मग पुन्हा पाण्याचे थर. म्हणजे एकाच सहलीत पडतं हिम आणि स्केटिंग, दोन्ही मिळणं हा योगायोग. शिवाय पूर्वी एका हंगामात शंभराच्या घरात सत्रं होत, अलीकडच्या हिवाळ्यांत ती बरीच घटली आहेत. शहर वाढलं, थंडी आक्रसली. नाताळच्या आठवड्यात बर्फ धरलेला असेल याची हमी कुणी देत नाही; जानेवारीचा मधला पंधरवडा त्या मानाने भरवशाचा. पण शाळा तेव्हा सुरू झालेल्या असतात, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

आमचं काय झालं ते सांगते. मनगटाच्या प्रकरणाला दीड वर्ष झाल्यावर लेकीने सिमल्याचा विषय काढला. आजीसमोर नाही, स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना माझ्याजवळ. “आई, बाबा माझा हात धरून होते म्हणून पडले ना?” मी लाटणं खाली ठेवलं. दीड वर्ष ही पोर मनात हे घेऊन फिरत होती आणि आम्हाला वाटत होतं, तिची हौस फिटली! त्या रात्री मी ह्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः कालका-सिमला गाडीची चौकशी केली. सासूबाईंना सहल सांगितली, रिंक सांगितली नाही. खोटं बोललो असं नाही, पण खरंही बोललो नाही.

सिमल्यात उतरलो ती रात्र ढगाळ. पहाटे सहाला लेक स्वेटर-टोपी घालून दारात उभी. रिंकवर गेलो तर फाटकाशी माणूस म्हणाला, “आज नहीं जमी.” दुसऱ्या दिवशीही तेच. लेक काही बोलली नाही, हेच वाईट होतं. सासूबाईंना संशय आलाच. “रोज पहाटे कुठे जाता गं?” मग सांगावं लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लेकाकडेही नाही. नातीला म्हणाल्या, “उद्या मीही येते. पडलीस तर मी तिथेच ओरडेन.”

तिसरी रात्र चांदण्यांची. पहाटे नळाचं पाणी बोटाला झोंबत होतं, आणि रिंकवर दिवे लागलेले दिसले तेव्हा माझ्याच छातीत धडधडलं. ह्या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो. बूट घेताना घाई केली नाही. लेकीच्या मापाचे तीन जोड बदलले, मागे रांगेतली मंडळी कुरकुरली तरी.

बुटांचं इथेच सांगून टाकते. थंडी आहे म्हणून दोन-दोन जाड मोजे चढवतात, ते चूक. पाय आत हलतो आणि घोटा लुळा पडतो. एकच पातळ मोजा. उभं राहून गुडघे वाकवले तर टाच बुटातून उचलता कामा नये, बोटं पुढे जेमतेम टेकावीत. नाडी पंज्यावर बेताची, घोट्यापाशी घट्ट. बांधल्यावर घोटा आत किंवा बाहेर कलत असेल तर बूट परत करा, लाज बाळगू नका. पात्याच्या कडेवरून नख आडवं अलगद फिरवा. नखाची भुकटी निघाली तर धार आहे, नुसतंच गुळगुळीत लागलं तर पातं बोथट. धारदार पातं धोक्याचं वाटतं, पण बोथट पातंच आडवं घसरतं आणि माणसाला पाडतं. जसा बोथट विळीने बोट कापतं, तसंच हे.

आणि चाकांवर तरबेज असलेल्या मुलांना एक जास्तीची सूचना. चार चाकी स्केटला पुढे रबराचा ठोकळा असतो, मुलं तो टेकवून थांबतात. बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या पात्याला तिथेच दाते असतात. आमच्या लेकीने सवयीने पुढचा पाय टेकवला आणि दाते रुतून ती सपशेल पालथी! बाकावरून सासूबाई ओरडल्याच. पण ती पडली ती पोटावर, हेल्मेट आणि हातमोजे होते, काही लागलं नाही. उठून हसली. नंतर तिथल्याच एका शाळकरी मुलाने तिला टाचा बाहेर ढकलून पाती तिरपी करत थांबायला शिकवलं. पडणार असं वाटलं की गुडघे वाकवून एका कुशीवर बसतं व्हायचं, हात मागे टेकायचा नाही, मुठी मिटलेल्या ठेवायच्या म्हणजे दुसऱ्याचं पातं बोटांवरून जात नाही, हेही तोच सांगत होता. हे सगळं मला दीड वर्ष आधी कुणी सांगितलं असतं तर!

ह्यांनी बूट घातले नाहीत. कठड्याशी उभे राहून लेकीच्या चपला छातीशी धरून होते. चौथ्या की पाचव्या फेरीत ती त्यांच्यासमोर येऊन थांबली, त्या नव्या शिकलेल्या पद्धतीने, आणि म्हणाली, “बाबा, बघा, हात न धरता.” मी दुसरीकडे पाहिलं.

तर भगिनी, तुमच्यासाठी माझा सल्ला असा. मुलीची सगळी आशा सिमल्यावर ठेवू नका. दिल्लीत उतरल्यावर आधी गुरुग्रामला जा, तेही शनिवार-रविवार टाळून, दुपारच्या पहिल्या सत्राला. गाडी पकडण्यापूर्वीच्या चार तासांत तर नकोच नको. तिथे एक तास शिकवणारा माणूस घ्या. सहलीत एक जेवण साधं केलंत तरी तेवढे पैसे सुटतील. मुलाला ढकलत नेता येईल असा प्लास्टिकचा पेंग्विन वा तसलं काही मिळतं का ते विचारा. मग सिमल्याला निदान तीन रात्री ठेवा. आकाश स्वच्छ निघालं तर मुलगी तयार असेल, नाही निघालं तर तिची इच्छा अगदीच अपुरी राहणार नाही. यजमानांना आणि तुम्हाला उतरायचं असेल तर जरूर उतरा, पण मुलाचा हात धरून नाही. आधार म्हणून दोघांनी एकमेकांना धरलं की पडताना दोघंही पडतात.

सासूबाईंसाठी रिंकवर विचारायच्या गोष्टी तीनच. बसायला पाठीचा बाक आहे का, स्वच्छतागृह किती पायऱ्यांवर आहे आणि चहा मिळतो का. सिमल्यात उतार-चढ फार आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर पहाटेचं सत्र त्यांना नको. मधुमेह असेल तर पाय गार पडू देऊ नका, बधिर पायाला जखम झालेली कळत नाही.

काश्मीर-लडाखचाही काही जण विचार करतात. लेहला जानेवारी-फेब्रुवारीत सगळं गाव बर्फावर असतं. २०२४ पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतली आइस हॉकी तिथे रंगते आहे, आणि २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक आणणाऱ्या आपल्या महिला संघातल्या बहुतेक मुली लडाखच्याच. फार अभिमान वाटतो. पण उंची साडेतीन हजार मीटर, थंडी हाडं फोडणारी. सत्तरीच्या बाईंना आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्याच हिवाळी सहलीत मी तरी जाणार नाही. आणि कुठेही गेलात तरी गोठलेल्या तळ्यावर आपल्या मनाने पाऊल टाकू नका. माणसाचा भार पेलायला निदान चार इंच घट्ट, पारदर्शक बर्फ लागतो आणि काठावरून ती जाडी कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये दल सरोवर गोठलं, तेव्हा ‘त्यावर चालू नका’ असं प्रशासनाला बजावावं लागलं होतं. फोटोच्या हौसेपायी माणसं काय करतील सांगता येत नाही.

परदेशी जाणाऱ्यांनीही पत्रं पाठवली आहेत, त्यांना दोन ओळी. दुबई मॉलमधली रिंक ऑलिम्पिकच्या मापाची आहे, हवामानाची भानगड नाही. बाहेर वाळवंट म्हणून सुती कपड्यांत जाल तर आत कुडकुडाल. कॅनडात मुलाकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना ओटावाचा रिडो कालवा दाखवतात, ७.८ किलोमीटर लांबीची बर्फाची वाट. पण तीही निसर्गाच्या मर्जीवर, २०२२-२३ च्या हिवाळ्यात ती एक दिवसही उघडली नाही. सिमल्याचं दुखणं ओटावालाही आहेच म्हणायचं. आणि कझाकस्तानात अल्माटीजवळच्या डोंगरात १६९१ मीटरवर मेदेउची प्रचंड रिंक आहे, साडेदहा हजार चौरस मीटर बर्फ. १९७२ पासून तिथे यंत्राने गोठवतात, त्यामुळे भरवसा अधिक. दिल्लीहून विमानाने चार तासांच्या आत पोचता येतं.

हे शेवटचं मी उगीच लिहिलेलं नाही. लेक आता कॉलेजात आहे आणि गेला महिनाभर घरात अल्माटीचे फोटो फिरताहेत. हे हिशेबाची वही घेऊन बसले आहेत. सासूबाई परवा माझ्याजवळ येऊन हळूच विचारत होत्या, तिथे बसायला बाक आहे का ते बघ म्हणून.